काडीपासून झुडूप
(केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या बागेविषयी बोलू लागले की पहिला प्रश्न रोपांचा निघतो. रोपे आणावयाची कोठून आणि त्यांचे पैसे द्यावयाचे कोणी? पावसाळ्याच्या आरंभी वृक्षारोपणाच्या निमित्ताने काही रोपे शाळेत येतात, मुले ती उत्साहाने लावतात, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांतील बरीचशी पाण्यावाचून वाळून जातात. जून महिन्यात त्याच खड्ड्यांत पुन्हा नवी रोपे बसतात. हा क्रम आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. आज ज्या कामाची माहिती द्यावयाची आहे त्याला एक धारदार चाकू, चार पाट्या वाळू, झाडाची सावली आणि पाच-सहा आठवड्यांचा धीर एवढेच भांडवल लागते. फुलझाडाची फांदी कापून तिच्यापासून दुसरे झाड तयार करणे ह्याला बागाईतीच्या पुस्तकांत छाट कलम म्हणतात. गावात आपण नुसते 'काडी लावणे' म्हणतो, आणि मीही बहुतेक ठिकाणी तोच शब्द वापरणार आहे.

काडी लावणे कोणालाच नवे नाही. प्रत्येक गावात एखादी बाई अशी असते की, तिने जाता जाता काडी खोचली तरी ती फुटते. तिचा 'हात चांगला' असे आपण म्हणतो. हा गुण मी नाकारीत नाही. परंतु त्या हाताकडे बारकाईने पाहिले तर असे दिसते की, ती बाई फार कोवळी फांदी घेत नाही, काडी उन्हात ठेवीत नाही, मोरीच्या कडेला ओल असते पण पाणी साचत नाही अशी जागा निवडते, आणि लावल्यावर काडीला पुन्हा हात लावीत नाही. ह्या चार गोष्टी शिकविता येण्याजोग्या आहेत.

आपल्या सातारा जिल्ह्यातील मुलांना तर ही कल्पना समजावून सांगणे मुळीच अवघड नाही. कृष्णाकाठच्या, कराड किंवा कोरेगावकडील मुलाला 'उसाचे बी कसे असते?' असे विचारून पाहावे. तो म्हणेल, उसाचे बेणे असते. दोन किंवा तीन डोळ्यांच्या टिपऱ्या तोडून सरीत दाबतात हे त्याने आपल्या शेतात पाहिलेले असते. प्रत्येक पेरापाशी एक डोळा असतो, त्यातून कोंब निघतो. आणि त्याच पेराभोवती बारीक ठिपक्यांची एक पट्टी असते, त्या ठिपक्यांतून मुळ्या निघतात. आपल्याकडे सर्वत्र दिसणारा को ८६०३२ हा ऊस कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत केव्हातरी एका बियापासून उगवलेल्या एकाच रोपाचा विस्तार आहे. ते रोप एकदाच बियातून जन्मले, त्यापुढचा सारा प्रवास टिपऱ्यांचा. फलटण तालुक्यात पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. जवळच्या शाळांना सहलीसाठी ह्याहून चांगले ठिकाण शोधण्याची गरज नाही. महाबळेश्वर-वाईकडील मुलांना ऊस दाखवावयाचे कारण नाही. स्ट्रॉबेरीची धावती खोडे जमिनीला टेकली की तेथे मुळ्या धरतात, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. ज्या तालुक्यात जे आहे त्यावरून पाठास प्रारंभ करावा.

पण पैसा वाचतो एवढ्यासाठीच मी हा विषय निवडलेला नाही. आपल्या अंगणांतील कित्येक फुलझाडे अशी आहेत की, त्यांना बी धरतच नाही, किंवा आपल्याकडे धरल्याचे सहसा दिसत नाही. बटमोगरा घ्या, दुहेरी पाकळ्यांची तगर घ्या, दुहेरी जास्वंद घ्या. गजऱ्यासाठी लावली जाणारी 'दिल्ली' जातीची अबोली तर वांझच आहे. ती केवळ काड्यांवरच वाढविली जाते. अशा झाडांचे बी वारा नेत नाही आणि पाखरेही नेत नाहीत. कोणी तरी फांदी मागितली, कोणी तरी दिली, म्हणून ती एका अंगणातून दुसऱ्या अंगणात आली. आता गावोगावी जुनी घरे उतरविली जात आहेत, अंगणांत फरशी बसत आहे, मुले शहरात गेल्यामुळे घरांना कुलपे लागत आहेत. एखाद्या परड्यातील पन्नास वर्षांचा मोगरा अशा वेळी मुळासकट निघून जातो. मोगरा दुकानात पुन्हा मिळेल. पण तोच मोगरा मिळेल असे नाही, कारण मोगऱ्यातही पाकळ्यांची संख्या, वास व बहराचा काळ ह्यांत जातिपरत्वे पुष्कळ भेद आहेत. शाळेत चाळीस घरची मुले येतात. कोणाच्या दारात काय आहे हे गावात त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. हे काम शाळेने हाती घेतले नाही तर ते दुसरे कोणी करील असे मला वाटत नाही.

काडीपासून वाढलेले झाड मूळ झाडाचे लेकरू नव्हे, ते मूळ झाडच असते. गुण तेच आणि दोषही तेच. द्राक्षबागायतदारांना ह्याचा अनुभव आहे. थॉमसन सीडलेस ह्या द्राक्षाच्या वेलीवर इतरांहून वेगळे, लांबट मण्यांचे घड येताना दिसले, आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील नानासाहेब काळे ह्यांनी त्यातून 'सोनाका' ही जात पुढे आणली. बी नसलेल्या द्राक्षात असा वेगळेपणा टिकविण्यास काडी अथवा डोळा ह्यांवाचून दुसरा उपाय नाही. ह्याची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. उसातील गवताळ वाढीचा रोग बेण्याबरोबर पुढच्या शेतात जातो, त्याचप्रमाणे रोगट जास्वंदीची काडी लावली तर रोगही लावला जातो. पाने आकसलेली, पिवळ्या डागांची, पिठ्या ढेकणाने भरलेली फांदी कोणी कितीही आग्रहाने दिली तरी घेऊ नये.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

फांदीची निवड ही निम्मी कामगिरी होय. शेंड्याकडील हिरवी, लुसलुशीत फांदी लवकर कोमेजते व कुजते. बुंध्याकडील जून, जाड साल धरलेली फांदी वाळत नाही, परंतु तिला मुळ्या फुटण्यास फार काळ लागतो. दोहोंमधील, साधारण पेन्सिलीइतक्या जाडीची, त्याच वर्षी किंवा मागील वर्षी वाढलेली फांदी घ्यावी. ती वाकवून पाहावी. दोरीप्रमाणे लवली तर कोवळी आहे, लवण्यास मुळीच तयार नसेल तर जून आहे. किंचित वाकून पुन्हा सरळ होते ती आपल्या कामाची. कळ्या-फुलांनी बहरलेल्या फांदीचा मोह टाळावा. तिची शक्ती फुलांकडे गेलेली असते. फुलांवाचून फांदी मिळत नसेल तर सर्व कळ्या खुडून टाकाव्यात. मुलांच्या जिवावर येईल, पण खुडाव्यात.

फांद्या सकाळी, ऊन तापण्यापूर्वी तोडाव्यात आणि लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळाव्यात. पुष्कळ काड्या मरतात त्या जमिनीत नव्हे, तर वाटेत. मुलगा सकाळी घरून जास्वंदीची फांदी दप्तरात खोचून आणतो, ती प्रार्थनेपासून मधल्या सुट्टीपर्यंत खिडकीत पडून राहते, आणि मग ती लावण्याचा समारंभ होतो. तोवर ती अर्धी मेलेली असते. त्यासाठी ज्या दिवशी काड्या आणावयाच्या त्या दिवशी वाफा आदल्या सायंकाळीच तयार असावा.

काडी वीतभर, म्हणजे सुमारे १५ ते २० सेंटिमीटर लांब ठेवावी. तिच्यावर किमान तीन-चार पेरे असावीत. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि सरळ घ्यावा. बऱ्याच झुडपांत मुळ्या पेराजवळ लवकर फुटतात आणि पेरांमधील कांड्याचा तुकडा खाली लोंबत राहिला तर तो कुजू लागतो. वरचा काप डोळ्याच्या वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढे अंतर सोडून तिरपा घ्यावा. त्याने पावसाचे पाणी टोकावर थांबत नाही. शिवाय तिरपा काप वर व सरळ काप खाली अशी खूण ठरली म्हणजे मुलांकडून काडी उलटी लावली जात नाही. हत्यार धारदार असावे. बोथट कोयत्याने काडी कापली जात नाही, चेचली जाते, आणि चेचलेली साल प्रथम काळी पडते. कापण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. पहिली ते चौथीच्या मुलांच्या हाती चाकू देण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी पाने काढणे, मोजणे व चिठ्ठ्या लावणे ही कामे आहेत.

पानांच्या बाबतीत दोन टोके टाळावयाची असतात. काडीला मूळ नाही, म्हणजे पाणी पिण्यास तोंड नाही. परंतु पाने असतील तर त्यांतून पाणी हवेत जातच राहते. म्हणून सर्व पाने ठेवली तर काडी दोन दिवसांत मान टाकते. उलट जास्वंद, मोगरा ह्यांसारख्या हिरव्या काडीची सर्व पाने काढली तर अन्न तयार होणे थांबते. खालची पाने काढून वरची दोन ठेवावीत, आणि ती मोठी असतील तर कात्रीने निम्मी करावीत. बोगनवेल, गुलाब ह्यांच्या पक्क्या, जाड काड्यांत अन्नाचा साठा अधिक असतो. त्या पानांवाचूनही लागतात. वरच्या कापावर शेणाचा लहानसा गोळा बसविण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती चांगली आहे, टोक सुकत नाही. मात्र खालच्या टोकास शेण लावू नये.

वाफ्यात खत घालू नये, हे ऐकून शेतकऱ्यांची मुले नवल करतील. पण खत मुळ्यांसाठी असते, आणि येथे अजून मुळ्याच नाहीत. न कुजलेल्या शेणखताने बुरशी मात्र वाढते. धुतलेली जाडसर वाळू एकटी, किंवा वाळू व पोयटा निम्मे-निम्मे, एवढे पुरे. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा, म्हणजे पाणी निघून जाईल. मुळ्या फुटण्यास ओलीइतकीच हवाही लागते. चिखलात काडी गुदमरते. काठीने आधी भोक पाडून त्यात काडी सोडावी आणि भोवतालची वाळू बोटांनी घट्ट दाबावी. काडीच भाल्याप्रमाणे खुपसली तर खालच्या टोकाची साल सोलवटते. पक्क्या काडीचा दोन-तृतीयांश भाग वाळूत असावा, हिरव्या काडीचा निम्मा.

वाफ्याची जागा आपल्या जिल्ह्यात तालुक्याप्रमाणे बदलावी लागेल. माण-खटावकडे पावसाचा भरवसा नाही. तेथे दाट सावलीच्या झाडाखाली, हातपंपाच्या किंवा टाकीच्या जवळ वाफा करून वर तुराट्यांचा अथवा गोणपाटाचा मांडव घालावा आणि झारीने दिवसातून दोनदा हलके पाणी द्यावे. जावळी, महाबळेश्वर व पाटणच्या डोंगराळ भागात अडचण नेमकी उलट आहे. आषाढातील संततधारेत वाळूचा वाफाही निथळत नाही व काड्या कुजतात. तेथील शाळांनी घाई न करता श्रावणसरी सुरू झाल्यावर काड्या लावाव्यात, अथवा व्हरांड्यात कुंड्या ठेवाव्यात. कौलांच्या वळचणीचे पाणी पडते तेथे वाफा कोठेही नको. आणखी एक गोष्ट. शाळेत तांदूळ व भांडी धुतलेले पाणी बरेच निघते आणि ते परसबागेला घातले जाते. वाढत्या झाडांना साबणावाचूनचे असे पाणी चालते, परंतु काड्यांच्या वाळूत त्यातील अन्नकण साचून बुरशी धरते. ह्या वाफ्याला स्वच्छ पाणीच द्यावे.

ज्यांना वाफा करणे शक्य नाही त्यांनी एका कुंडीत दहा काड्या लावून वर काड्यांचा सांगाडा उभा करून पारदर्शक पॉलिथिनची पिशवी घालावी. आत दमट हवा कोंडली जाते व पानांतील पाणी उडत नाही. ही कुंडी सावलीतच हवी, उन्हात ती भट्टी होते. रोज सकाळी पिशवी थोडा वेळ उघडावी.

ह्यानंतरच्या भागाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण सर्वाधिक काड्या येथे गमावल्या जातात. काडी लावून आठ-दहा दिवस झाले की डोळे फुगतात, आणि पुढे कोवळी पालवी दिसू लागते. वर्गात आनंदाचे वातावरण पसरते. 'गुरुजी, काडी लागली!' असे ओरडत मुले येतात. लगेच ती काडी उपटून बागेत लावली जाते, किंवा मांडव काढून तिला ऊन दाखविले जाते, आणि चार दिवसांत ती वाळते. झालेले असते असे की, ती पालवी मुळ्यांच्या जोरावर आलेलीच नसते. काडीत साठलेले अन्न व पाणी खर्चून डोळे फुटलेले असतात. कापून कोनाड्यात टाकलेल्या ओल्या फांदीलाही पालवी येते, ती ह्याच कारणाने. वरची पालवी हा खालच्या मुळ्यांचा पुरावा नव्हे. (आपल्या धंद्यातही पाठ म्हणून दाखविणाऱ्या मुलाविषयी अशीच फसगत होते, पण तो आजचा विषय नाही.)

अशीच फसगत करणारी दुसरी खूण जमिनीखाली असते. काडी उपटून पाहिली तर खालच्या टोकाशी पांढरट, खरबरीत गाठ धरलेली दिसते. ती जखम भरून येत असल्याची खूण आहे. तीही मूळ नव्हे. बहुतेक झुडपांत मुळ्या सालीच्या आतील भागातून निराळ्या फुटतात. पाहण्यासाठी उपटलेली काडी पुन्हा लावली तर नुकत्याच निघू लागलेल्या मुळ्या तुटतात, आणि प्रत्येक वेळी तिला पहिल्यापासून प्रारंभ करावा लागतो. ज्या वाफ्यात मुले रोज एक काडी उपटून पाहतात त्या वाफ्यात अखेर काही उरत नाही.

तरीही मुलांची जिज्ञासा दाबावी असे मी म्हणणार नाही. तिच्यासाठी वेगळी सोय करावी. पाण्याच्या पारदर्शक प्लास्टिक बाटलीचा वरचा भाग कापून टाकावा, तळाला भोके पाडावीत, वाळू भरावी आणि तीन-चार काड्या अगदी कडेला, भिंतीला टेकतील अशा लावाव्यात. बाटलीभोवती काळ्या कागदाची नळी बसवावी, कारण उजेडात बाटलीच्या आत शेवाळ धरते व मुळ्या अंधाराकडे वळतात. दर सोमवारी नळी वर सरकवून पाहावे. पांढरी, दोऱ्यासारखी पहिली मुळी भिंतीच्या कडेने उतरताना दिसते तो दिवस मुले विसरत नाहीत. तुळशीची काडी नुसत्या पाण्यातही एक-दोन आठवड्यांत मुळ्या धरते, तो प्रयोग पहिलीच्या मुलांसाठी चांगला. मात्र पाणी दर दोन दिवसांनी बदलावे. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. शाळेत डासांची पैदास होता कामा नये.

वाफ्यातील काडी खरोखर लागली हे ओळखावयाचे ते असे: पालवी आल्यावर नवी पाने पूर्ण आकाराची होऊन दुपारीही ताठ राहतात, त्यांमागोमाग आणखी पाने येत राहतात, आणि काडी दोन बोटांत धरून अगदी हलके वर ओढली असता वाळू तिला धरून ठेवते. ह्यास हवामानाप्रमाणे जास्वंद, तगर, कण्हेर ह्यांना साधारण चार ते सहा आठवडे, मोगऱ्याला पाच-सहा, बोगनवेलीला दोन महिन्यांपर्यंतही लागतात. वहीत तारखा लिहिलेल्या असल्या म्हणजे उतावीळपणा आपोआप आवरतो.

उलट्या काडीचा प्रयोग मोठ्या वर्गांनी अवश्य करावा. दहा काड्या सुलट आणि दहा मुद्दाम उलट लावाव्यात. उलट लावलेल्या बहुतेक काड्या लागत नाहीत. फांदीला आपले वरचे टोक व खालचे टोक कळते, असेच म्हणावे लागेल. जर्मन शास्त्रज्ञ हेरमान फोख्टिंग ह्यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विलो झाडाच्या फांद्यांचे तुकडे दमट हवेत टांगून हेच दाखविले होते. तुकडा उलटा टांगला तरी मुळ्या त्याच्या मूळच्या खालच्या टोकाकडेच येत. ह्याचे कारण पुढील अर्धशतकात उलगडत गेले. चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस ह्यांनी १८८० मध्ये असे मांडले की, गवताच्या कोंबाच्या शेंड्याकडून काही प्रभाव खाली जातो व त्यामुळे कोंब उजेडाकडे वळतो. हॉलंडमधील फ्रिट्स वेंट ह्यांनी १९२६ ते १९२८ ह्या काळात तो प्रभाव म्हणजे एक द्रव्य आहे हे सिद्ध केले. त्या द्रव्यास ऑक्झिन म्हणतात. शेंड्यात व कोवळ्या पानांत ते तयार होते, फांदीत वरून खाली वाहते, आणि काडीच्या खालच्या टोकाशी साठून मुळ्यांना चालना देते, हे १९३५ च्या सुमारास स्पष्ट झाले. डोळे व दोन पाने का राखावयाची, आणि काडी सुलट का लावावयाची, ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ह्या एका गोष्टीत आहे.

रोपवाटिकेत वापरतात ती मुळ्या फोडण्याची पांढरी पूड ह्याच वर्गातील, इंडोल ब्युटिरिक आम्लाची असते. काडीचे खालचे टोक ओले करून पुडीत टेकवावे, जास्तीची पूड झटकून टाकावी. अधिक लावली तर अधिक मुळ्या येतात असे नाही, उलट टोक जळते. बोगनवेलीसारख्या हट्टी झाडाला तिचा उपयोग होतो. जास्वंद, तगर ह्यांना तिची गरज नाही, आणि शाळेने त्यासाठी खर्च करावा असे माझे मत नाही. ज्या शाळा वापरतील त्यांनी ती मुलांच्या हाती देऊ नये.

कोणती झाडे घ्यावीत ह्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. प्रथम वर्षी जास्वंद, तगर, मोगरा, अडुळसा व कुंपणासाठी मेंदी एवढी पुरेत. पांढरा चाफा सोपा आहे, पण त्याची रीत सर्वांहून निराळी. फांदी कापल्यावर चीक गळतो. ती लगेच लावली तर कुजते. सावलीत आठ-दहा दिवस पडू देऊन काप वाळल्यावरच लावावी. चाफ्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. कण्हेर फार सहज लागते आणि दुष्काळातही तग धरते, परंतु तिचे पान, फूल, काडी, सारेच विषारी आहे. प्राथमिक शाळेच्या आवारात मी ती लावणार नाही. बेशरम कोठेही फेकली तरी मूळ धरते, म्हणून काही ठिकाणी कुंपणाला लावतात. ओढे-नाले व्यापून टाकणारी आणि शेळ्यांना बाधणारी ही वनस्पती शाळेने पसरवू नये. घाणेरीचेही तेच. आणि आंबा, बकुळ, सोनचाफा ह्यांच्या काड्या लावून वर्ष फुकट घालवू नये; ही झाडे साध्या काडीने सहसा लागत नाहीत, त्यांना बी किंवा निराळ्या प्रकारचे कलम लागते.

काड्या मागण्यास मुले जातील तेव्हा शिक्षकांनी त्या घरी आधी एकदा स्वतः जाऊन यावे. 'आजी, तुमच्या मोगऱ्याच्या चार काड्या शाळेला हव्यात,' असे सांगितले तर नाही म्हणणारी आजी मला अद्याप भेटलेली नाही. बहुधा ती स्वतःच उठून कोणती फांदी घ्यावी ते दाखविते, झाड कोणाच्या माहेराहून आले तेही सांगते. ते सारे चौथीच्या मुलांनी लिहून घ्यावे. वहीत काडीचा क्रमांक, झाड, कोणाच्या अंगणातील, लावल्याची तारीख, पालवीची तारीख, मूळ धरल्याची अथवा वाळल्याची तारीख, असे रकाने आखावेत. वाळलेल्या काड्याही लिहाव्यात. मोगऱ्याच्या वीस काड्यांपैकी तेरा लागल्या तर शेकडा किती, हे उदाहरण पुस्तकातील उदाहरणापेक्षा मुले अधिक काळजीने सोडवितात. आणि पुढच्या वर्षी शेंड्याच्या, मधल्या व बुडख्याच्या काड्या वेगळ्या रांगांत लावून कोणत्या अधिक लागतात हे पाहता येते.

मूळ धरलेल्या काड्या मातीच्या हुंड्यासह काढून पिशव्यांत लावाव्यात. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, तळाला भोके पाडून चालतात. येथे मात्र माती व चांगले कुजलेले शेणखत हवे. पहिला आठवडा सावली, नंतर सकाळचे ऊन, मग पूर्ण ऊन, असा क्रम ठेवावा. पाऊस असेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, जी रोपे जोमदार झाली असतील ती बागेत लावावीत. त्यांच्या मुळ्यांना उन्हाळ्यापूर्वी खोल जाण्यास सात-आठ महिने मिळतात. जी लहान राहतील ती बागेत लावून मे महिन्याच्या स्वाधीन करू नयेत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एकेका मुलाला एकेक पिशवी घरी नेण्यास द्यावी, क्रमांक व मुलाचे नाव वहीत नोंदवावे, आणि पाणी किती व केव्हा द्यावयाचे ते पालकांनाही सांगावे. ज्या आजींनी काड्या दिल्या त्यांच्या अंगणातील झाड त्या वर्षात गेले असेल तर त्यातील एक रोप प्रथम त्यांना पोचते करावे. बाकीची रोपे जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात परत आणवून मोजावीत, किती गेली आणि किती आली तो आकडा त्याच वहीत लिहावा, आणि चांगला पाऊस होताच ती बागेत लावावीत.